देणे की देणगी?

मराठीतील 'देणे' हा शब्द मोठा फसवा आहे. गरिबाच्या ओंजळीत आपण जे घालतो तेही देणे, आणि वाण्याच्या वहीत आपल्या नावापुढे जे लिहिलेले असते तेही देणेच. पहिल्यात देणारा ताठ उभा असतो, दुसऱ्यात त्याची मान खाली असते. एखाद्या धनवंताने केलेल्या दानधर्माचे कौतुक करावयास आपण बसतो तेव्हा त्यातले कोणते देणे कोणत्या जातीचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो एका स्पॅनिश स्त्रीच्या चरित्राने विचारावयास लावला.

रोसालिआ मेरा हे तिचे नाव. स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया प्रांतात ला कोरुन्या हे बंदराचे शहर आहे. तेथील मोन्ते आल्तो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत 1944 साली तिचा जन्म झाला. वयाच्या अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि हातात सुई आली. शहरातल्या एका कापडदुकानात ती कामाला लागली. तेथेच तिला अमान्सिओ ओर्तेगा भेटला. तो रेल्वे कामगाराचा मुलगा. त्याच्या लहानपणची एक गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. आई किराणा आणावयास गेली असता दुकानदाराने ह्यापुढे उधारी मिळणार नाही असे तिला सुनावले. ते त्या पोराने ऐकले आणि शाळा सोडून तो शर्टांच्या दुकानात नोकरीला राहिला. वाण्याच्या वहीतल्या देण्यापासून सुरू झालेला हा संसार आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

1963 साली अमान्सिओ, त्याचा भाऊ, भावजय आणि रोसालिआ अशा चौघांनी मिळून कपडे शिवण्याचा लहानसा उद्योग थाटला. घरात घालावयाचे अस्तरदार उबदार झगे ते शिवीत. उद्योगाचे नाव होते 'गोआ'. आमच्या गोमंतकीय वाचकांनी हुरळून जाऊ नये. ओर्तेगाच्या पूर्ण नावाची आद्याक्षरे उलटी लावून ते नाव बनले होते, आपल्या गोव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तीन वर्षांनी दोघांचा विवाह झाला. 1975 साली ला कोरुन्यातच 'झारा' नावाचे त्यांचे पहिले दुकान उघडले. 1985 साली 'इंडिटेक्स' ही मूळ कंपनी स्थापन झाली, आणि पुढे ती कपड्यांच्या किरकोळ व्यापारात जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. मुंबईत झारा आली ती 2010 साली, लोअर परळला, जेथे एके काळी फिनिक्स मिलचा भोंगा वाजत असे त्या आवारात.

ह्या यशोगाथेत रोसालिआच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. तिला दोन अपत्ये, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. 1971 साली जन्मलेला हा मुलगा सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त होता. पैशाने जे जे मिळते ते त्याला मिळू शकत होते. परंतु पैशाने न मिळणाऱ्या गोष्टी किती असतात, हे अशा मुलाच्या आईला इतरांच्या आधी कळते. शाळेत घेणारे कोणी नाही, मोठेपणी काम देणारे कोणी नाही, आणि आपल्या मागे ह्याचे काय, ह्या विचाराने रात्री झोप नाही. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

1986 साली पतिपत्नी विभक्त झाली. त्याच वर्षी तिने 'पाइदेइया' ही संस्था स्थापन केली. ग्रीक भाषेतला हा शब्द, त्याचा अर्थ संगोपन आणि शिक्षण दोन्ही. अकराव्या वर्षी शाळा सोडलेली ही बाई प्रौढ वयात पुन्हा अभ्यासाला बसून अध्यापनशास्त्र शिकली होती. तेव्हा हे नाव तिने शोभेकरिता घेतले नसावे. संस्थेचे काम मुख्यतः अपंग व्यक्तींना शिक्षण देण्याचे, त्यांना रोजगाराला लावण्याचे आणि समाजात सर्वांबरोबर त्यांची जागा करून देण्याचे. अपंगाला मिठाई वाटून परत येणे आणि अपंगाला पगाराच्या पत्रकावर सही करावयास लावणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने आपले मन हलके होते. दुसऱ्याने त्याची मान वर होते. रोसालिआने दुसरा मार्ग धरला, म्हणून आम्ही तिच्याविषयी लिहावयास बसलो.

ती संत नव्हती, आणि तसा आव तिने कधी आणला नाही. मरणापूर्वी काही महिने, 2013 साली, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि बालकल्याण ह्यांवरील खर्चात सरकारने चालविलेल्या कपातीवर तिने उघड टीका केली. त्याच सुमारास गर्भपाताचा कायदा कडक करण्यालाही तिने विरोध दर्शविला. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी हे जुळत नाही, आणि आम्हांला ते मान्य नाही. तरीही तिच्या हातून झालेले काम आम्ही झाकून ठेवणार नाही. जखमी वाटसरूला उचलणारा मनुष्य शोमरोनी होता. प्रभूने ती गोष्ट सांगताना त्याच्या पंथाची चूक आधी दुरुस्त करून घेतली नाही.

15 ऑगस्ट 2013 रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, तिचा मृत्यू झाला. त्या वेळी ती स्पेनमधील सर्वांत श्रीमंत स्त्री म्हणून ओळखली जात होती. व्यवहारातून ती केव्हाच दूर झाली होती, पण कंपनीचे सुमारे पाच टक्के भाग तिच्या नावे होते आणि तिची सारी संपत्ती तेथूनच आली होती.

इथे आमची लेखणी अडखळते. पाइदेइयाची विहीर ज्या झऱ्यावर भरली तो झरा कोठून वाहात होता? झाराचा धंदा वेगावर चालतो. चित्रातला झगा थोड्याच आठवड्यांत दुकानाच्या खुंटीवर लागतो, आणि दुकानांना आठवड्यातून दोनदा नवा माल जातो. प्रारंभीच्या काळात कापड कंपनीच्या कारखान्यात बेतले जाई आणि शिवण्यासाठी गालिसियातील खेडोपाडीच्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडे पाठविले जाई. त्या हजारो हातांना नगावर मजुरी मिळे. वेगाचा सारा भार शेवटी शिवणयंत्रापाशी वाकलेल्या पाठीवर येतो. पुढे काम स्वस्त मजुरीच्या देशांकडेही गेले आणि पाठी बदलल्या.

11 एप्रिल 2005 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावार येथे स्पेक्ट्रम नावाच्या कपडे-कारखान्याची नऊमजली इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली. 64 कामगार मेले. मध्यरात्री तेथे माणसे होती, कारण रात्रपाळी चालू होती. तेथून माल घेणाऱ्यांत इंडिटेक्सही होती. पुढे त्या कंपनीने जागतिक कामगार संघटनेबरोबर मृतांच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी साहाय्यनिधी उभा करण्यात पुढाकार घेतला. इतर कित्येक खरेदीदारांनी हात झटकले असता तिने ते केले, हे मान्य करावयास हवे. परंतु त्या निधीला काय म्हणावे? पाय तुटलेल्या शिवणकाऱ्याला मिळालेले पैसे ही देणगी की देणे? आमच्या मते ते देणे होते, आणि तेही थकलेले. 2011 साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या उपकंत्राटी कारखान्यांत झाराचे कपडे शिवणारे पंधरा कामगार, बहुतेक बोलिव्हियाहून आलेले, गुलामीसदृश स्थितीत सरकारी निरीक्षकांना आढळले. हे आपल्या परवानगीवाचून झाले असे कंपनीने सांगितले. तसे असेलही. पण एवढ्या लांबच्या साखळीत 'आम्हांला ठाऊक नव्हते' हे वाक्य नेहमीच खरे असते, हाच तर त्या साखळीचा दोष.

अमान्सिओ ओर्तेगाचा दानधर्म तर आणखी मोठा. 2012 साली त्याच्या प्रतिष्ठानाने स्पेनच्या 'कारितास' संस्थेला दोन कोटी युरो दिले. मंदीने होरपळलेल्या कुटुंबांना त्यातून अन्न, औषध आणि घरभाडे मिळावे अशी योजना होती. 2017 साली सरकारी रुग्णालयांना कर्करोगाचे निदान आणि किरणोपचार करणारी यंत्रे घेण्यासाठी त्याने 32 कोटी युरो जाहीर केले. आणि गंमत पाहा, ह्या देणगीवरून स्पेनमध्ये वादळ उठले. सार्वजनिक आरोग्यसेवेचे रक्षण करू पाहणाऱ्या काही संघटनांनी ती नाकारावी अशी मागणी केली. यंत्रे करातून यावीत, धनिकाच्या मर्जीतून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आदल्याच वर्षी युरोपियन संसदेतील हरित गटाने एक अहवाल काढून, 2011 ते 2014 ह्या काळात इंडिटेक्सने निरनिराळ्या देशांतील सवलतींच्या आडोशाने 58 कोटी 50 लाख युरो कर वाचविल्याचा आरोप केला होता. कंपनीने तो फेटाळला आणि आपण सर्व कर नियमाप्रमाणे भरतो असे सांगितले. दुसरीकडे कर्करोगाने आजारी माणसे आणि त्यांचे आप्त म्हणत होते, यंत्र आले, आम्ही जगलो, तुमचा वाद तुम्ही घाला.

ह्या वादात आम्ही कोणाच्या बाजूचे? प्रामाणिकपणे सांगतो, रुग्णाच्या खाटेशेजारी बसल्यावर आम्ही ती देणगी परत पाठविली नसती. ते यंत्र कोणाच्या पैशाचे, हे तिथे कोण विचारील? पण खाटेपासून उठून बाहेर आल्यावर मात्र प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. चौथ्या शतकातील संत बेसिल ह्यांनी धनिकांना बजावले होते की पेटीत पडून राहिलेले वस्त्र त्यांचे नसून उघड्या माणसाचे आहे. पोप तेरावे लिओ ह्यांनी 1891 साली 'रेरुम नोवारुम' ह्या विश्वपत्रात आणखी रोखठोक भाषा वापरली. मालक आणि मजूर ह्यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे जीवन चालेल एवढी ती असलीच पाहिजे, असे त्यांनी शिकविले. मजुरी आधी, दान मागाहून. हा क्रम उलटा झाला की दान हे थकलेल्या मजुरीचेच दुसरे नाव होते. फरक इतकाच की, मजुरी मागता येते, दान मागितले तर भिकारी ठरावे लागते.

रोसालिआ स्वतः शिवणारी होती. शिलाईच्या दराचा अर्थ तिला कोणी शिकवावयास नको होता. म्हणूनच तिच्या दानाचे मोल आम्हांला मोठे वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी हा प्रश्नही अधिक बोचतो.

दूरदेशीच्या कोट्यधीशांना न्याय लावणे सोपे असते. हे लिहिता लिहिता आम्हांला आमच्याच परिसरातील एका धर्मग्रामाची आठवण झाली. पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या गरीब मुलींसाठी तेथे दर वर्षी पांढरे झगे शिवून दिले जातात. वर्गणी उदारपणे जमते. देणगीदारांची नावे वाचून दाखविली जातात, आम्हीही त्या यादीत असतो. झगे शिवते एक विधवा बाई. 'देवाचे काम आहे, बाय, शिलाई थोडी कमी घे,' असे तिला दर वर्षी सांगितले जाते, आणि ती मुकाट्याने घेते. तिची उचललेली नजर आम्ही एकदाच पाहिली, ती नाताळाआधी धान्यवाटपाच्या रांगेत. तांदूळ घेताना तिने आमचे आभार मानले. त्या पिशवीतले किती तांदूळ तिच्याच शिलाईतले होते, हे आम्ही त्या दिवशी मोजले नाही. घरी आल्यावर मोजले. बाजारातल्या दराशी ताडून पाहता तिचे आमच्याकडे येणे निघाले, आणि ते तांदळाच्या किमतीहून जास्त होते.

ती रक्कम आम्ही समितीपुढे ठेवली आहे. कोणत्या खात्यात लिहावी ह्यावर अजून एकमत नाही. कोणी म्हणतात साहाय्यनिधीत टाका, म्हणजे नियमात बसेल. आम्ही म्हणतो शिलाईच्या रकान्यात लिहा, मागील बाकी म्हणून. पुढल्या रविवारी मिस्सेनंतर पुन्हा बैठक आहे.