डॅशबोर्डच्या मागे

मिनियापोलिसमधल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात गाडीत गोडसर वास यायला लागला. मला वाटलं, कुणीतरी ज्यूस सांडलाय. मग काचेला आतून चिकट थर दिसला, शेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागलं. हीटर कोअर गळत होता.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हा पार्ट माहीत असायचं कारणच नाही. डॅशबोर्डच्या मागे जाडजूड पुस्तकाएवढा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. बाहेर उणे २० असताना ही चैन नसते. ती हवा नसेल तर काचेवर आपलाच श्वास गोठतो आणि रस्ता दिसत नाही.

पार्ट तसा स्वस्त. पण तिथवर पोचायला माझ्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि त्याची मजुरी जुन्या गाडीला परवडत नाही. म्हणून मी गळती बंद करणारं रसायन कूलंटमध्ये ओतलं. गळती थांबली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला हॉटफिक्स म्हणतो. नीट नंतर करू म्हणायचं, आणि ते 'नंतर' कधी येत नाही.

उन्हाळ्यात मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. नागपूरहून शिकायला आलेल्या एका मुलाला गाडी विकायचं ठरलं. त्याने विचारलं, "दादा, काही प्रॉब्लेम नाही ना?"

"एकदा बघतो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

दोन वीकेंड घालवून मी डॅशबोर्ड उतरवला. कोअरच्या पितळी नळ्या जिथे टाकीला जोडल्या होत्या, तिथेच चीर होती. नळ्यांभोवतीचं रबर झिजून गेलं होतं. होजचं वजन आणि इंजिनाची थरथर वर्षानुवर्षं त्या सोल्डरच्या जोडावर येत होती. नवा कोअरही तसाच होता. नुसता बदलला असता, तर कधीतरी तिथेच चिरला असता. तोपर्यंत मी कुठल्या कुठे असतो.

उघडण्याआधी मला कारण माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर जबाबदारीही आपोआप वाढली. दोन्ही नळ्यांमध्ये मी पितळी पट्टी सोल्डर केली. मूळ जोड वितळू नये म्हणून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं. कोअर बादलीत बुडवून, पंक्चरवाल्यासारखा बुडबुडे शोधत बसलो. नवं रबर, भोवती फोम, होजला आधार देणारा क्लॅम्प. यातलं काहीही त्या मुलाला कधी दिसणार नव्हतं.

शेवटचा स्क्रू पिळताना लक्षात आलं, की मी इतकं मन लावून काम करतोय ते सांगावं लागू नये म्हणूनसुद्धा. ते रसायन वर्षभर कूलिंगमध्ये फिरलं होतं. मी सगळं धुऊन काढलं, तरी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत त्याचा गाळ राहिला असू शकतो. चांगलं काम करून मी माझं गप्प बसणं विकत घेत होतो.

मी त्याला सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग दोनशे डॉलर कमी करा ना, दादा."

क्षणभर राग आला. माझे दोन वीकेंड? पण ते त्याने मागितले नव्हते. त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी तीन आठवडे उशिरा दिलं होतं.

मी दोनशे कमी केले.