रसायनशास्त्राची माफी नको

"बारावी सायन्स आहे का? नाही ना? मग नर्सिंगचं विसरा." चाळिशीकडे झुकलेल्या एखाद्या आशाताईने विचारलं, की हे उत्तर तिला कुणीही देतो. नियम पाहिले तर ते बहुतेकदा बरोबरही असतं. खटकते ती त्यातली बेफिकिरी.

आशा, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, किती राबते आणि तिचं मानधन कसं रखडतं, हे वाचकांना सांगायला नको. पण तिचं एक काम नीट पाहायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं की ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते आणि कुठलं बाळ आजच दवाखान्यात हलवायचं ते ओळखते. या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजातांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच्या कितीतरी आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत होते, आणि त्यांतल्या अनेकींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. प्रौढ बाई हे शिकू शकते का, हा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच निकालात निघाला आहे.

नियम मात्र वेगळंच बोलतात. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं. जीएनएम या नर्सिंग पदविकेला इतर शाखाही चालतात, पण वय पस्तिशीच्या आत हवं. एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका, झालेलीला वयाची ही अट नाही, आशाला आहे. आशाची निवड तर होते २५ ते ४५ या वयात! अठ्ठाविसाव्या वर्षी कामाला लागलेल्या बाईच्या गाठीशी दहा वर्षांचा अनुभव येतो, तोवर तिची मुदत उलटलेली असते. एमबीबीएसच्या 'नीट'ची कमाल वयोमर्यादा मात्र २०२२ साली उठली. पन्नाशीत डॉक्टर व्हायला निघता येतं, अडतिसाव्या वर्षी जीएनएमला जाता येत नाही. याचं समर्थन कसं करायचं?

एक समर्थन नेहमी ऐकू येतं: अटी सैल करणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. हे म्हणणारे दोन गोष्टींची गल्लत करतात. सतराव्या वर्षी माणसाला काय येत होतं ही एक गोष्ट, आणि आज त्याला काय शिकता येईल ही दुसरी. बारावीची गुणपत्रिका फक्त पहिलीचा पुरावा आहे. आणि त्या सतराव्या वर्षी लग्न लावून दिलं असेल, घरापासून कॉलेज वीस किलोमीटरवर असेल, तर तोही पुरावा तिच्या बुद्धीचा नसतो, परिस्थितीचा असतो.

इंग्लंडने ही गल्लत १९७८ पासून सोडवायला घेतली. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी तिथे 'अ‍ॅक्सेस' अभ्यासक्रम आहेत. एकूण ६० क्रेडिट, त्यातली ४५ आपल्या बारावीच्या तोडीची. तो पुरा करून कित्येक जण नर्सिंगच्या किंवा सुईणकीच्या पदवीला जातात. फीसाठी कर्ज मिळतं आणि पुढे पदवी पूर्ण केली की उरलेलं कर्ज माफ होतं. २०१३ पासून तिथे नर्सिंगला पदवी सक्तीची झाली, तरी हा रस्ता बंद झाला नाही. पदवीची परीक्षा सगळ्यांना एकच, नोंदणीही एकच.

इथे एकोणिसाव्या शतकातल्या डॉ. रखमाबाईंची आठवण होणं साहजिक आहे. त्यांचं बरंचसं शिक्षण घरीच झालं होतं. नवऱ्याने लावलेल्या खटल्यातून सुटून १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची पाठीशी उभ्या राहिल्या, पैसा उभा राहिला. परत येऊन रखमाबाईंनी सुरतेत वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. त्यांना मदत मिळाली ती पोचण्यासाठी आणि शिकण्यासाठी. परीक्षा त्यांच्या त्यांनाच द्याव्या लागल्या.

आशांची बाजू घेणाऱ्याला सुरुवातीला वाटतं, की अनुभवाचेच गुण धरावेत आणि विज्ञानाची अट काढून टाकावी. रखमाबाईंकडे पाहिलं की हे मत टिकत नाही. बाळाचा श्वास अचूक मोजणाऱ्या हाताला सलाइनमधलं पोटॅशियम हृदयाला काय करतं हे आपोआप कळत नाही. ते शिकावंच लागतं. माफी देऊन तिला वर्गात बसवलं तर पहिल्याच सत्रात ती बुडेल, आणि बुडाली की "सांगितलं होतं ना" म्हणणारे तयारच असतील. तेव्हा रसायनशास्त्र राहू द्या. ते शिकायला लागणारा वेळ, पैसा आणि शिक्षक तिला द्या.

यासाठी नवं काही उभारावंही लागत नाही. आशांना प्रमाणपत्र देण्यासाठी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, परीक्षा आहेच. त्याच संस्थेची विज्ञान विषयांसह बारावी बी.एस्सी. नर्सिंगला चालते. या दोन टोकांमध्ये तालुक्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारचा वर्ग हवा, प्रात्यक्षिकांसाठी जवळच्या कॉलेजची प्रयोगशाळा हवी आणि तो वर्ग चालेल तोवर मानधन चालू राहायला हवं. पस्तिशीची अट एएनएमला जशी सोडली आहे, तशी ठरावीक वर्षं काम केलेल्या आशालाही सोडता येईल.