श्रवण

नवविधा भक्तीच्या पंगतीत पहिले पान श्रवणाचे मांडले आहे, आणि समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकात भक्तीचे निरूपण आरंभताना पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला. सज्जनहो, हा क्रम सहज पडलेला नाही. कीर्तन, स्मरण, अर्चन या साऱ्यांच्या आधी कान का, हे पाहायचे तर पाळण्यातल्या बाळाकडे पाहावे. पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी ते जवळजवळ वर्षभर नुसते ऐकत असते. आईची अंगाई, दारावरच्या भाजीवालीची हाक, मोठ्यांची कुजबुज, या सगळ्या गलबल्यातून ते भाषा तेवढी वेचून घेते आणि मग एके दिवशी बोलते. भाषा जिभेवर येते ती कानाच्या वाटेने. म्हणून भाषा शिकवू पाहणाऱ्या कोणालाही श्रवणाचे दार चुकवून पुढे जाता येत नाही.

मात्र कानावर पडणे निराळे आणि श्रवण निराळे. पत्र्यावर पडलेला पाऊस आवाज पुष्कळ करतो आणि ओघळून जातो. जमिनीत मुरतो तोच पुढे अंकुर होऊन वर येतो. आजी गोष्ट सांगते तेव्हा तिला नातवाचा हुंकार लागतो, आणि तो थांबला की तिला कळते, पोर झोपले. हुंकार ही श्रवणाची खूण. आता एका खोलीत सत्तर मुले दाटीवाटीने बसली आहेत, पुस्तक तिघांत एक आहे, शिकायची भाषा त्यांच्या घरात कोणी बोलत नाही आणि शिकवणाराही ती पुस्तकातूनच शिकलेला आहे, असा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पस्तीस मिनिटांची तासिका सत्तर मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते, तेही गुरुजी स्वतः एक अक्षर बोलले नाहीत तर. तिथे शब्द कानावर पडतात, पण हुंकाराला जागा उरत नाही.

अशाच वर्गांसाठी 1980 च्या दशकाच्या आरंभी केनियात एक साधा प्रयोग झाला. किकुयू, लुओ, कंबा अशा नाना मातृभाषांच्या, प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी रोज अर्ध्या तासाचा पाठ रेडिओवरून येऊ लागला. त्याआधी, 1974 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात निकाराग्वामध्ये याच रीतीने गणित शिकवले गेले होते. रेडिओ तर तेव्हाही जुनाच होता. नवे होते ते त्याचे थांबणे. आवाज प्रश्न विचारी आणि क्षणभर गप्प राही. त्या मोजून ठेवलेल्या निःशब्दात सगळा वर्ग एका तोंडाने उत्तर देई, मग आवाज बरोबर उत्तर सांगे आणि पाठ पुढे सरके. ज्या यंत्राला ऐकूच येत नाही, त्याने ऐकण्यापुरती जागा सोडली. श्रवणाचा केवढा मान राखला गेला हा!

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. कीर्तनात बुवा चरणाचा अर्धा भाग उचलतात आणि उरलेला टाळकऱ्यांकडे सोपवून क्षणभर थांबतात. समोर पन्नास माणसे असोत की पाच हजार, गर्दी तिथे अडचण होत नाही, तीच धृपद धरते. एरवी चुकण्याच्या भयाने ओठ न उघडणारे लाजरे मूलही समुदायाच्या आवाजात आपला आवाज मिसळते, आणि अर्ध्या मिनिटाचा वाटा पाहता पाहता संपूर्ण तासिकेएवढा होतो. श्रवण एकट्याचे असते तसेच ते संगतीचेही असते.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणापुढची पायरी सांगतात ती मननाची. एकदा ऐकलेले पुन्हा पुन्हा ऐकता आले तरच मनन घडते, आणि इथे हातातले यंत्र उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातली कविता घरच्या फोनवर सांजवेळी पुन्हा ऐकता यावी, एवढीच त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाची थोरवी, आणि ती थोडकी नाही. मात्र जे यंत्र अखंड बोलत राहते, चित्रांमागून चित्रे ढकलते आणि मुलाला हुंकार द्यायला उसंत ठेवत नाही, ते कितीही महागडे असले तरी पत्र्यावरचा पाऊसच.

आता या शब्दाचा शेवटचा पदर. ज्या 'श्रु' धातूपासून श्रवण आले, त्याच धातूपासून 'शुश्रूषा' आली. तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज आपण तो शब्द आजाऱ्याच्या सेवेसाठी वापरतो. शिष्याने गुरूचे ऐकावे म्हणून त्याच्याजवळ राहावे, राहता राहता सेवा करावी, असा तो अर्थ सरकत आला. पण भरलेल्या वर्गात तो उलट दिशेनेही वाहतो. पाठ सांगण्याचे ओझे अर्धा तास रेडिओने उचलले की गुरुजींचा घसा मोकळा होतो, आणि घशाहून मोलाचा असा कान मोकळा होतो. ते फळ्यापासून निघून रांगांमधून फिरू लागतात. सगळ्यांच्या आवाजात कोणाचे ओठ नुसतेच हलताहेत, कोण शेवटचा वर्ण गिळते आहे, हे त्यांना उमगते. ते त्या मुलाशेजारी वाकतात आणि तोच शब्द त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतात. सत्तरांतल्या त्या एकाचे कोणीतरी ऐकले. यंत्राने वर्गात यायचे ते एवढ्यासाठी, आणि श्रवणाची शुश्रूषा होते ती अशी.