मोजणीत आपले, हक्कात पाहुणे

जून २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने देशाच्या अधिकृत भाषा कायद्याची फेरमांडणी केली आणि त्यात सरकारवर एक विलक्षण जबाबदारी टाकली. क्वेबेकबाहेरच्या फ्रेंचभाषकांचे घटलेले लोकसंख्यात्मक वजन पुन्हा वाढवायचे, आणि त्यासाठी फ्रेंच बोलणारे लोक परदेशातून आणून वसवण्याचे धोरण आखायचे. मोजमापासाठी १९७१ ची जनगणना धरली गेली. त्या वर्षी क्वेबेकबाहेर फ्रेंचभाषकांचे प्रमाण ६.१ टक्के होते. २०२१ मध्ये ते ३.३ टक्के उरले. भाषा जगवण्यासाठी शाळा काढणारी, अनुदाने देणारी, पाट्यांचे नियम करणारी सरकारे पुष्कळ आहेत. एका अल्पसंख्य भाषेचे बोलणारेच बाहेरून आणून तिची भरती करू, असे कायद्याने बोलणारे सरकार चटकन दुसरे आठवत नाही.

कॅनडातले फ्रेंच म्हणजे क्वेबेक, अशी आपली ढोबळ समजूत असते. क्वेबेकमध्ये फ्रेंच बहुसंख्य आहे, तिथे तिचे स्वतःचे सरकार आहे आणि १९९१ च्या करारानुसार आर्थिक कारणाने येणारे स्थलांतरित निवडण्याचा अधिकारही त्या प्रांताकडे आहे. हा लेख बाकीच्यांविषयी आहे. न्यू ब्रन्सविकमधले अकेडियन, ओंटारियोच्या उत्तरेतले खाणकामगार आणि लाकूडतोड्यांचे वंशज, मॅनिटोबातल्या सेंट बोनिफेसचे रहिवासी, असे नऊ प्रांतांत आणि तीन उत्तरी प्रदेशांत विखुरलेले साधारण नऊ-दहा लाख लोक.

त्यांच्या इतिहासात सरकारची भूमिका वेगळी होती. १७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना घरादारासकट उठवून जहाजांत कोंबले आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर नेऊन सोडले. १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्मला तो द्विभाषिक म्हणून. वीस वर्षांत तिथल्या विधिमंडळाने इंग्रजी हीच एकमेव राजभाषा ठरवली, आणि १९१६ मध्ये शाळांतले द्विभाषिक शिक्षणही बंद केले. ओंटारियोत १९१२ च्या सतराव्या नियमाने पहिल्या दोन इयत्तांपुढे फ्रेंचमधून शिकवणे जवळजवळ अशक्य केले. तेव्हा ओटावातल्या गिग शाळेत देलोज भगिनींनी फ्रेंचमधून शिकवणे चालूच ठेवले, आणि १९१६ च्या जानेवारीत मुलांच्या आया टोपीच्या लांब टाचण्या हातात घेऊन शाळेच्या दारावर पहारा देत उभ्या राहिल्या. अशा समाजात ‘आपण’ या शब्दाचा अर्थ आडनाव, चर्च आणि आजी-आजोबांच्या आठवणी यांनी ठरला, यात नवल नाही. बाहेरचा माणूस बहुधा भाषा काढून घ्यायलाच आलेला असे.

मग आता बाहेरच्या माणसावाचून का अडले? टक्केवारी नीट वाचली की उत्तर सापडते. १९७१ मध्येही हे लोक नऊ-दहा लाखांच्या आसपासच होते. ते संख्येने नाहीसे झाले नाहीत. भोवतीचा देश वाढला. कॅनडाची लोकसंख्या या काळात सुमारे २.२ कोटींवरून ३.७ कोटींवर गेली. या वाढीत स्थलांतराचा मोठा वाटा होता आणि क्वेबेकबाहेर आलेला जवळजवळ प्रत्येक जण इंग्रजीत सामील झाला. त्यात फ्रेंच घरांतली मुले इंग्रजीकडे गळण्याची नेहमीची कारणे होतीच: मिश्र विवाह, इंग्रजीतली नोकरी, मुलांचे आपसातले बोलणे. शतकभरापूर्वी मोठाली कॅथलिक कुटुंबे ही गळती भरून काढत. १९६० नंतर पाळणे रिकामे झाले. ज्या देशाची वाढ विमानतळावरून होते, तिथे विमानतळावर ज्या भाषेचा वाटा नाही ती भाषा कोणी न मारताही आक्रसत जाते.

हे ओटावातल्या केंद्र सरकारला उशिरा का होईना, कळले. क्वेबेकबाहेर येणाऱ्या स्थलांतरितांपैकी ४.४ टक्के फ्रेंचभाषक असावेत असे लक्ष्य २००३ मध्ये ठरले. मुदत २००८ ची होती. ती उलटली आणि २०२३ पर्यंत लांबली. लक्ष्य प्रथम गाठले गेले २०२२ मध्ये. दरम्यानच्या हुकलेल्या वर्षांचा हिशेब अधिकृत भाषा आयुक्तांनी मांडला आहे: २००८ ते २०२० या काळात जवळपास ७६,००० माणसे कमी आली. ज्या समाजाची एकूण संख्याच दहा लाखांच्या घरात, त्याला ही तूट केवढी! त्यानंतर मात्र चक्रे वेगाने फिरली. २०२४ मध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर गेले आणि पुढची लक्ष्ये याहून चढी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सहा ठिकाणांसाठी फ्रेंचभाषक स्थलांतराची खास योजना सुरू झाली. त्यात न्यू ब्रन्सविकचे अकेडियन द्वीपकल्प आहे, ओंटारियोतली सडबरी आणि टिमिन्स आहेत, मॅनिटोबातले सेंट पियर-जोलीसारखे छोटे गावही आहे.

सरकारी खात्याच्या नजरेतून ही यशाची गोष्ट आहे. मला ती अर्धीच वाटते. टक्केवारी विमानतळावर मोजली जाते आणि भाषा जगते किंवा मरते ती शाळेच्या दारात. कॅनडात ही दोन दारे एकमेकांना ओळखत नाहीत.

१९८२ च्या हक्कांच्या सनदेतले तेविसावे कलम अल्पसंख्य फ्रेंचभाषकांचा प्राण आहे. या कलमाने पालकांना आपल्या मुलांसाठी फ्रेंच शाळा मागण्याचा हक्क दिला. १९९० मध्ये अल्बर्टातल्या माहे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा विस्तार करून त्या शाळांच्या कारभारातही समाजाचा वाटा मान्य केला. पण हा हक्क कोणाला? कॅनडाचा नागरिक असलेल्या, आणि ज्याची पहिली शिकलेली भाषा फ्रेंच आहे किंवा ज्याने स्वतः कॅनडात फ्रेंचमधून प्राथमिक शिक्षण घेतले आहे, अशा पालकाला. मूल आधीच फ्रेंच शाळेत शिकत असेल तर त्याच्या भावंडांनाही.

आता किन्शासाहून आलेले एखादे कुटुंब या कलमासमोर उभे करून पाहा. आईवडील फ्रेंचमधून शिकले, फ्रेंचमध्ये नोकरी केली, फ्रेंचच्या बळावरच त्यांना कॅनडाचा परवाना मिळाला. सरकारने त्यांना फ्रेंचभाषक म्हणून मोजले आणि आपले लक्ष्य पुरे केले. पण ते अजून नागरिक नाहीत. उद्या झाले तरी त्यांची मायबोली लिंगाला आहे. म्हणजे त्यांच्या मुलाला फ्रेंच शाळेत जागा मिळते ती बहुधा प्रवेश समितीच्या किंवा शाळामंडळाच्या मर्जीने. बऱ्याच प्रांतांत ही मर्जी उदार आहे, हे मान्य. तरीही मर्जी आणि हक्क यांत पाहुणा आणि भाऊबंद यांच्याएवढे अंतर असते.

वायव्य प्रदेशांत हे अंतर थेट न्यायालयात पोचले. काही मुलांना प्रवेश द्यावा अशी तिथल्या फ्रेंच शाळामंडळाची शिफारस होती. शिक्षणमंत्र्यांनी नकार दिला, कारण पालक हक्कधारक नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंत्र्यांना चुकीचे ठरवले: असा निर्णय घेताना भाषिक अल्पसंख्य समाज टिकावा हे तेविसाव्या कलमामागचे मूल्य विचारात घ्यायला हवे होते. गंमत अशी की, त्याच प्रदेशाची राजधानी येलोनाइफ केंद्र सरकारच्या ‘फ्रेंचभाषकांचे स्वागत करणाऱ्या गावां’च्या यादीत आहे. एका सरकारने स्वागताची कमान उभारली आणि दुसऱ्याने वर्गाचे दार लावून घेतले.

या अडसरामागे क्वेबेकही आहे, हे आणखी खटकणारे. २०१५ मध्ये युकॉनच्या शाळामंडळाने प्रवेशाचे निकष स्वतः ठरवण्याचा अधिकार मागितला तेव्हा क्वेबेक सरकार न्यायालयात त्याच्या विरोधात उभे राहिले. कारण सरळ होते. फ्रेंच शाळांचे दार युकॉनमध्ये सैल झाले, तर तोच युक्तिवाद क्वेबेकमधल्या इंग्रजी शाळा वापरतील. भाषेचा कैवार घेणारेसुद्धा आधी आपले अंगण राखतात. युकॉनचे मंडळ हरले.

शाळेपुढचे दार महाविद्यालयाचे. ओंटारियोच्या उत्तरेत हर्स्ट नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे, बहुतांश फ्रेंच बोलणारे. तिथले छोटे विद्यापीठ आज मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांवर चालते. गावातल्या दुकानांत आणि शुश्रूषागृहांत तीच मुले काम करताना दिसतात. त्याच उत्तरेत सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाने दिवाळखोरीच्या गर्तेत २०२१ च्या एप्रिलमध्ये ६९ अभ्यासक्रम एका फटक्यात बंद केले, त्यांतले २८ फ्रेंचमधले होते. सडबरीही स्वागताच्या यादीतच आहे. शिवाय फ्रेंचभाषक आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांचे अर्ज इतरांपेक्षा फार मोठ्या प्रमाणात फेटाळले जातात, ही तक्रार संसदेच्या समितीपर्यंत गेली. माणसे बोलवायची, आणि ज्या संस्थांभोवती ती रुजतील त्या वाळू द्यायच्या: हे धोरण पेरणी करून पाटाचे पाणी तोडण्यासारखे आहे.

इथे एक शंका रास्त आहे. फ्रेंच बोलणारा नवागत फ्रेंच समाजात येतोच कशावरून? तिचे मूळ आपल्याला पुण्या-मुंबईतही दिसू शकते. गुणांवर स्थलांतरित निवडणाऱ्या कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत फ्रेंच परीक्षेला आज मोठा भाव आहे. इंग्रजीसोबत चांगली फ्रेंच येत असेल तर ५० पर्यंत जादा गुण. आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निवडीची स्वतंत्र फेरी. सर्वसाधारण फेरीत ५०० हून अधिक गुण लागत होते त्या दिवसांत, फेब्रुवारी २०२४ मधल्या एका फ्रेंच फेरीत ३३६ गुणांवर निमंत्रण मिळाले. साहजिकच भारतात फ्रेंचच्या वर्गांत नवी गर्दी आली. संगणक अभियंते कामावरून सुटून क्रियापदांची रूपे पाठ करतात. मेहनत खरी आहे, आणि कोणी आपल्या भविष्यासाठी भाषा शिकत असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यातला जो ब्रॅम्प्टनसारख्या इंग्रजी शहरात उतरतो, इंग्रजी कंपनीत लागतो आणि मुलाला शेजारच्या इंग्रजी शाळेत घालतो, तो सेंट बोनिफेसच्या कुठल्या कामाचा? त्याची नोंद मात्र फ्रेंच खात्यात होते. दोष त्या तरुणाचा नाही. परीक्षा त्याची घेतली. त्याला कुठे राहायचे, कोणाशी बोलायचे याची सोय कोणी केलीच नाही.

उलट किन्शासाचे कुटुंब, जे खरोखर फ्रेंचमध्ये जगू इच्छिते, त्याला दुसरी अडचण. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी विचारतात. फ्रेंच संस्थेत गेले तर उच्चार ‘इथला नाही’ म्हणून भुवया उंचावतात. काळे असल्याची किंमत वेगळी. शिवाय या कुटुंबाची फ्रेंचसुद्धा वसाहतीच्या वाटेने आलेली आहे. बेल्जियमच्या राजवटीने ती लादली. आता तिच्या आधारे ते अशा समाजाला तारायला निघाले आहे, जो स्वतः ब्रिटिश साम्राज्याचा बळी होता आणि मूलनिवासींच्या जमिनीवर वसलेला होता. मूल शाळेत फ्रेंच बोलेल, मैदानावर इंग्रजी. लिंगालाचे काय होईल हे कोणत्याच लक्ष्यात लिहिलेले नाही. एका अल्पसंख्य भाषेला वाचवताना दुसरी गुपचूप गाडली जाऊ नये, एवढी जाण तरी या धोरणाला हवी.

म्हणून फ्रेंचभाषक स्थलांतराला विरोध करावा असे मी म्हणत नाही. दुसरा मार्गच दिसत नाही. फ्रेंचचे भविष्य आज आफ्रिकेत आहे. पॅरिसपेक्षा किन्शासा मोठे शहर आहे. प्रश्न आहे तो ‘आपण’ची मर्यादा किती सरकते याचा, आणि काही पावले पडली आहेत. ओंटारियोने २००९ मध्ये फ्रेंचभाषक कोण याची व्याख्या रुंदावली: मायबोली इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी कोणतीही नसली, पण फ्रेंच उत्तम येते आणि घरी वापरात आहे, तर तो माणूस मोजणीत धरायचा. मॅनिटोबाच्या २०१६ च्या कायद्याने तर फ्रेंचशी विशेष जवळीक असणाऱ्या आणि ती नेहमी वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या समाजाचा भाग मानले. मायबोली अमुकच हवी अशी अटच तिथे उरली नाही. हक्काच्या कलमाला मात्र ही व्याख्या अजून लागू नाही.

तिथे बदल करणे अवघड आहे खरे. राज्यघटनेचे कलम आहे, क्वेबेकची भीती आहे, खर्चाची धास्ती आहे. पण प्रांतांना उद्यापासून करता येण्याजोगे बरेच आहे. फ्रेंचच्या आधारावर निवडून आणलेल्या कुटुंबाच्या मुलाला फ्रेंच शाळेत हक्काचा प्रवेश देता येईल. त्याचा फायदा पुढच्या पिढ्यांना आपोआप मिळतो, कारण फ्रेंचमधून शिकलेले मूल उद्या नागरिक म्हणून स्वतःच हक्कधारक पालक होते. शाळामंडळांत, वृत्तपत्रांत, महाविद्यालयांच्या नियामक मंडळांत या नवागतांना जागा देता येईल. आणि केंद्र सरकारला गुण मोजताना परीक्षेइतकेच महत्त्व फ्रेंच नोकरीला आणि फ्रेंच वस्तीत राहण्याला देता येईल.

बाहेरून भाषक आणणारा समाज एक व्यवहार करत असतो, आणि त्या व्यवहाराची किंमत त्याने आधीच मान्य केली पाहिजे. नवे लोक तुमची संख्या वाढवतील, पण तुमच्या पूर्वजांची जहाजे, तुमच्या आयांच्या टाचण्या त्यांच्या आठवणीत नसतील. ते वेगळी गाणी आणतील, वेगळे जेवण, वेगळा उच्चार. तीस वर्षांनी सेंट बोनिफेसची फ्रेंच कदाचित पश्चिम आफ्रिकेच्या वळणाने बोलली जाईल. ती चालणार असेल, तर ६.१ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठण्यात अर्थ आहे. नसेल, तर माणसे आणूनही तो समाज आपल्याच भाषेचे वस्तुसंग्रहालय होईल, आणि त्याचे प्रवेशशुल्क मात्र नवागतांकडून वसूल केले जाईल.