पंख असते तर

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की एका जुन्या इमारतीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. आठवड्यातून दोनदा मी तिथं शिकवतो. समोरची मंडळी दिवसभर राबून आलेली असतात. कुणी छापखान्यात कागद कापतो, कुणी गोदीत ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, कुणी चार घरची कामं आटोपून येते. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'व्हॉट इज युवर ड्रीम?' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वेल्डिंगवाला उठला आणि एका दमात म्हणाला, 'आय वॉन्ट टु बिकम अ डॉक्टर.' त्याचं वय सत्तावीस, शिक्षण नववी. वर्गात कुणी हसलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. सगळ्यांना ते उत्तर बरोबर वाटलं होतं.

शब्द त्याच्याकडे होते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे 'होप', 'विश', 'ड्रीम' हे शब्द या पिढीच्या कानावरून कधीच गेलेले आहेत. पुस्तकातल्या मुलाचं स्वप्न त्यानं जसंच्या तसं आणून माझ्या हातावर ठेवलं होतं. 'बरं, मराठीत सांग,' म्हटल्यावर तो खाली बघत म्हणाला, 'पर्मनंट व्हायचंय, सर.' मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, 'माझं काय आता? मुलीचं झालं म्हणजे झालं.'

मराठीत इच्छा माणसाकडे चालत येते. मला वाटतं, मला हवं, मला स्वप्न पडतं. इंग्रजीत मात्र 'आय' वाक्याच्या तोंडाशी उभा असतो आणि इच्छेची जबाबदारी आपल्या अंगावर घेतो. एवढ्यावरून मराठी माणूस इच्छेच्या बाबतीत भिडस्त असतो असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि चुकीचंही. 'मला पाहिजे म्हणजे पाहिजेच' म्हणून जमिनीवर लोळणारं पोर मराठीतच लोळत असतं. 'पाहिजे' म्हणायची मुभा घरात कुणाला असते, खरा प्रश्न तो आहे. मोठेपणी, त्यातही गरिबीत आणि बाईच्या जातीला, ती मुभा हळूहळू संपते. अंथरूण पाहून पाय पसरायला आपण लवकर शिकवतो; अंथरूण लांब कसं करायचं ते कुणी सांगत नाही. जो सांगू पाहतो तो मनातले मांडे खाणारा ठरतो.

व्याकरण इथं अनपेक्षितपणे मदतीला येतं. इंग्रजीत जे घडू शकतं त्याची 'होप' धरतात. जे नाही, त्याच्यासाठी 'विश'. आणि 'विश'नंतर क्रियापद भूतकाळाचं रूप घेतं. विद्यार्थी इथं हमखास अडतात: आजची गोष्ट, मग रूप कालचं का? मी त्यांना चौथीतल्या निबंधाची आठवण करून देतो. 'मला पंख असते तर मी उडालो असतो.' यातला 'उडालो' कुठल्या काळाचा? उडणं तर कधी झालंच नाही. म्हणजे जे घडलं नाही ते बोलायला मराठीही भूतकाळाचंच रूप उसनं घेते. हे कळलं की वर्गाचा चेहरा बदलतो. ज्या वाक्याची धास्ती होती ते आपण लहानपणापासून लिहीत आलो, हे त्यांना सापडतं.

पण 'होप' आणि 'विश' यांतली रेघ व्याकरणाच्या पुस्तकात आखलेली नसते. तीच गोष्ट एकासाठी 'होप' असते, दुसऱ्यासाठी 'विश'. जन्मानं मुंबईकर असलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली एका निबंधात आकांक्षा ही एक कुवत मानली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गरिबांना इच्छा कमी असतात असं नाही, पण इच्छेपासून तिच्या पूर्तीपर्यंतच्या वाटा चालून पाहण्याची संधी त्यांना कमी मिळते. वाटांचा नकाशा वापरल्यानंच भरत जातो. त्यांच्या या विचारामागे मुंबईतल्या झोपडपट्टी आणि फुटपाथवासीयांच्या संघटनांचं काम होतं.

त्यातलं एक काम आमच्या शेजारी, भायखळ्यात उभं राहिलं. १९८५ साली फुटपाथवासीयांना हटवण्याबाबतच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला आणि फुटपाथवरच्या झोपड्यांवर पाडकामाची टांगती तलवार आली. त्याच सुमारास फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. 'आम्हाला घर हवं' एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्याला हवं तसं घर त्यांनी खऱ्या मापात उभं करून लोकांना दाखवलं. मोरी कुठं, पोटमाळा किती उंच, खर्च किती, याची चर्चा त्यांनी स्वतः केली. घराला उंची आली तशी इच्छा 'विश'मधून सरकत 'होप'कडे आली.

वर्गात मी आता तेच करून बघतो. 'ड्रीम' हा शब्द फळ्यावरून पुसला. मुलाखतीत विचारतात तसं 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?' हेही विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला मालकाला आवडेल असंच उत्तर द्यायचं असतं. आधी मराठीत पोटमाळ्याइतकं बारकाईनं सांगायचं, मग इंग्रजी. वेल्डिंगवाल्यानं वहीत लिहिलं होतं, 'आय विश आय वेअर पर्मनंट.' व्याकरण चोख. पर्मनंटचं का अडलं, म्हणून विचारलं तर दहावीचं सर्टिफिकेट नाही. मग वर्गातल्याच एकीनं त्याला सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती दिली. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

'होप'च्याही पुढचं एक वाक्य याच परिसराशी जोडलेलं आहे. स्टेशनालगतच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टांच्या नावाची बाग आहे. ते इथल्याच माथारपाखाडीचे. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले, १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर. टिळकांच्या 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' या घोषणेतली 'जन्मसिद्ध हक्क' ही शब्दयोजना बाप्टिस्टांची होती असं अनेकजण मानतात. इंग्रजीतल्या त्या वाक्यात 'होप' नाही, 'विश' नाही. 'आय शॅल हॅव इट' आहे.

परवा वेल्डिंगवाल्याची वही तपासायला घेतली. 'विश' खोडून त्यानं 'होप' केलं होतं आणि पुढचं क्रियापदही, न सांगता, बरोबर बदललं होतं. समासात पेन्सिलीनं फॉर्मची शेवटची तारीख लिहिली होती. 'शॅल'चा धडा अजून घ्यायचा आहे.