घंटेवरचं नाव

"रुळलीस का गं तिकडे?"

लग्न होऊन परदेशी गेलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं तरी हा प्रश्न चुकत नाही. आई विचारते, मावशी विचारते, शेजारच्या काकू आईच्या हातातून फोन घेऊन विचारतात. मुलगी "हो, रुळले" म्हणते आणि मग बोलणं थंडी किती आहे, भाज्या मिळतात का, यावर जातं. मी जानेवारी २०१४ मध्ये लग्नानंतर महिन्याभरात पुण्याहून जर्मनीत आले, स्टुटगार्टजवळच्या एसलिंगनला. मीही हेच उत्तर देत असे. रुळणं म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला बराच काळ लागला, आणि त्याची सुरुवात झाली ती एका पत्रपेटीपासून.

थंडी आणि जेवण यांचं आधी सांगून टाकते, कारण ते सुटणारे प्रश्न आहेत. थंडी चांगल्या जाकिटाने आणि बुटांनी सुटते. पोळीचा प्रश्न थोडे जास्त दिवस चालतो. तिथल्या दुकानात गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. मी दिसायला सगळ्यांत पांढरं, ४०५ चं पीठ आणलं आणि पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा मोठा तितका पिठात कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदाच. १०५० मध्ये थोडं सबंध गव्हाचं पीठ मिसळलं की कणकेच्या जवळपास जाता येतं. दुधावर धड साय धरत नाही, कारण कारखान्यात दुधातली चरबी बारीक फोडून दुधातच मिसळून टाकलेली असते. मग सायीचं लोणी विसरायचं आणि विकतचं बिनमिठाचं लोणी आणून तूप कढवायचं. थंडीत विरजण लागत नसेल तर भांडं ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावायचा. सहा महिन्यांत हे सगळं हाताला बसलं. फोनवर विचारलं जातं ते एवढंच, आणि म्हणून "रुळले" हे उत्तर खोटंही नव्हतं.

आता पत्रपेटी. जर्मनीत इमारतीतल्या फ्लॅटना बहुतेक ठिकाणी नंबर नसतात. पत्त्यात रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि माणसाचं नाव, एवढंच. खाली मुख्य दाराशी घंटांची पाटी असते, प्रत्येक घंटेपुढे आडनाव. पत्रपेट्यांवरही आडनावं. पोस्टमन आडनाव शोधतो आणि पत्र आत टाकतो. मी लग्नानंतर नाव बदललं नव्हतं. पासपोर्टवर माझं नाव, मध्ये बाबांचं नाव, शेवटी माहेरचं आडनाव. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या कचेरीत राहण्याची नोंद करावी लागते, ती आम्ही वेळेत केली होती. आरोग्यविम्याचं कार्ड पोस्टाने यायचं होतं. सहा आठवडे झाले तरी येईना. नवऱ्याने फोन करून चौकशी केली तेव्हा कळलं की ते दोनदा पाठवलं होतं आणि दोनदा परत गेलं होतं. या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, असा त्यावर शेरा होता.

आम्ही दोघं खाली जाऊन पेटीसमोर उभे राहिलो. छोट्या चौकटीत त्याचं आडनाव, तीन वर्षांपूर्वी घरमालकाने छापून दिलेलं. मी रोज ती पेटी उघडत होते, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच्याही आलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. त्याने कागदाची पट्टी कापली, मी माझं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याच्या नावाखाली चिकटपट्टीने लावलं. तशीच एक पट्टी घंटेवर. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कार्डाचं काही नव्हतं. पण पोस्टमनने लिहिलेला शेरा मला खरा वाटला होता. मी त्या घरात राहत होते, त्या गावात मात्र अजून राहत नव्हते. गाव माझ्यापर्यंत येत होतं ते सगळं त्याच्या हातून. विमासुद्धा त्याच्या विम्यात सामावलेला होता, कारण कमावत नसलेल्या जोडीदाराला तिथे वेगळा हप्ता पडत नाही. ही चांगली सोय आहे. पण बँकेचं खातं त्याचं, घराच्या करारावर सही त्याची, मोबाइल त्याच्या नावावर, मित्र त्याच्या ऑफिसातले. तो तीन वर्षं आधी आलेला. कोणत्या बसमध्ये बसायचं, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारी काय आणून ठेवायचं, हे तो एकट्याने, चुकत माकत शिकला होता. मला ते आयतं मिळालं. त्याने मायेनेच दिलं. पण चुकायची वेळच न आल्यामुळे माझ्या पायाखालची वाट काही तयार झाली नाही.

हे मला सर्वांत जास्त जाणवलं ते डॉक्टरकडे. मार्चमध्ये ओटीपोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही गेलो. पुण्यात असताना मी जर्मनची पहिली परीक्षा दिली होती, तरी बोलायला तोच पुढे झाला. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, हातभर अंतरावर. त्यांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "त्यांना कधीपासून दुखतंय?" त्याने मला मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, त्याने जर्मनमध्ये सांगितलं. मग पाळीबद्दल विचारलं. तेही तसंच. कोणी काही चुकीचं वागलं नाही. दोन मिनिटांत काम झालं, औषध मिळालं, दुखणं थांबलं. पण माझ्या शरीराबद्दलचं बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेलं आणि मी खुर्चीत बसून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले.

आपल्याकडे सासर म्हटलं की जाचाच्या गोष्टी आठवतात, आणि त्या खऱ्याच आहेत. माझी आजी लग्न होऊन कराडजवळच्या एका खेड्यात गेली तेव्हा घरात सतरा माणसं होती. सासू कडक, कामाला अंत नाही. तिच्या हालांना मी गोड रंग देणार नाही. पण तिचं बोलणं आठवलं की एक गोष्ट लक्षात येते: त्या सासरात माणसं होती. एक जाऊ बोलली नाही तर दुसरी बोले. सासूने टोचून बोललं तर विहिरीवर शेजारीण ऐकून घेई. नवऱ्याशी अबोला धरला तरी दिवस बोलण्यात जाई. दळण कुठे टाकायचं ते धाकट्या नणंदेने दाखवलं, देवीला ओटी कधी भरायची ते आतेसासूने. गाव तिच्याकडे दहा तोंडांनी आलं आणि वर्षाच्या आत गावातल्या दहा घरांत ती तिच्या स्वतःच्या नात्याने ओळखली जाऊ लागली.

परदेशातलं सासर रिकामं असतं. तिथे एकच माणूस असतो. वाट दाखवणारी नणंद तोच, ऐकून घेणारी शेजारीण तोच, मैत्रीण तोच, दुभाषा तोच, आणि ज्याच्यावर राग काढायचा तोही तोच. एवढं ओझं एका माणसाला झेपत नाही. तो संध्याकाळी साडेसहाला दमून घरी येतो आणि दारात पाय ठेवताच दिवसभराचं साठलेलं बोलणं त्याच्यावर कोसळतं. त्याला अर्धा तास गप्प बसायचं असतं, आणि तिला त्या दिवसातला पहिला शब्द बोलायचा असतो. आमची पहिल्या वर्षातली बहुतेक भांडणं याच अर्ध्या तासातली. आणि भांडण झालं की खरी गोची होते, कारण रागाने बाहेर पडायचं तर जायचं कुठे? आपली भाषा बोलणाऱ्या एकमेव माणसाशीच अबोला धरलेला असतो. मी नेकार नदीच्या काठाने चालत जायची आणि अंधार पडला की परत यायची. जानेवारीत तो पाच वाजताच पडतो.

लोक म्हणतात, नवरा चांगला असला की सगळं निभतं. मी या म्हणण्याचा खूप विचार केला आहे, आणि मला ते अर्धंच पटतं. नवरा वाईट असेल तर मुलीला निदान कळतं की आपण अडकलो आहोत. नवरा चांगला असेल, सगळं करून देत असेल, तर वर्षामागून वर्षं जातात आणि आपल्याला स्वतःची वाट नाही हे ध्यानातच येत नाही. ध्यानात येतं ते तो आजारी पडला, त्याची नोकरी गेली, की मग.

यात कायद्याचाही हात असतो. माझी मामेबहीण अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेली. तो एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. कागदावर तिची ओळख 'अवलंबून असलेली' अशीच. २६ मे २०१५ पासून यातल्या काही जणींना कामाचा परवाना मागता येऊ लागला, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा मार्ग ठरावीक टप्प्यापर्यंत आलेला असेल तरच. त्याआधी शिकलेली, नोकरी केलेली मुलगीही घरी. जर्मनीत जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, त्या मानाने आम्ही सुदैवी. तरी तिथेही एक अट आहे, आणि ती प्रत्येक मुलीने जाण्याआधी जाणून घ्यावी: लग्नाचं नातं ठेवून तिथे तीन वर्षं एकत्र राहिल्याशिवाय बायकोला राहण्याचा स्वतःचा हक्क सहसा मिळत नाही. घरात मारहाण होत असेल तर ही अट सोडली जाते, आणि ११६ ०१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, अनेक भाषांत मदत मिळते. हा क्रमांक मी भेटणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला देते, तिचा नवरा कितीही भला असला तरी.

माझी वाट उघडली ती अनपेक्षित बाजूने. श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपास, एक जुनी रीत आहे: केरवोखे. 'केर' म्हणजे झाडणं आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो आपलाच वाटला. इमारतीतल्या घरांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि दारापुढचा भाग झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. आठवडा संपला की तो ती पुढच्या दारावर नेऊन लावतो. आमच्या दारावर पाटी आली तेव्हा मी जिना झाडला आणि पुसलाही. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेला एप्रन. नवरा घरी होता, तो सवयीने पुढे झाला. आजींनी त्याला हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "जिना यांनी झाडला ना? मग मी यांच्याशीच बोलते."

त्या काय म्हणाल्या ते मला निम्मंच कळलं. त्या श्वेबिश बोलत, आणि पुण्यात शिकलेली जर्मन आणि ती बोली यांत पुस्तकी मराठी आणि मालवणी यांच्याइतकं अंतर आहे. शेवटी त्या मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या आणि दाखवलं: तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्या राहिल्या होत्या, आणि बाहेरच्या पायपुसण्याखालचा केरही. मी त्यांच्यासमोर पुन्हा झाडलं. मग त्यांनी घरात बोलावून कॉफी दिली आणि माझं नाव विचारलं. नीट उच्चारता येईपर्यंत तीनदा म्हणून बघितलं. आडनाव त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, घंटेवर वाचलं, नवीन आहे.

त्या देशात मला माझ्या कामाने आणि माझ्या नावाने ओळखणारं ते पहिलं माणूस. त्यात कौतुक नव्हतं, उलट चूकच काढली होती. पण चूक माझी होती आणि ती मलाच सांगितली गेली. त्या दिवशी मला रुळणं म्हणजे काय ते कळलं. नवऱ्याला वगळून त्या गावाशी आपलं काहीतरी देणंघेणं असणं, म्हणजे रुळणं. मग ते भांडणाचं का असेना.

पुढचं पटपट झालं. मी परदेशी लोकांसाठीच्या सरकारी वर्गात नाव घातलं. सहाशे तास भाषा आणि मग त्या देशाचा इतिहास, कायदा, रीतिभाती. वर्गात सीरियाचे, तुर्कस्तानचे, रुमानियाचे लोक होते. सगळ्यांची जर्मन माझ्याइतकीच मोडकी, म्हणून बोलायची लाज गेली. बँकेत स्वतःचं खातं उघडलं, आधी त्यात शंभरच युरो होते. वाचनालयाचं कार्ड काढलं. भारतातला गाडीचा परवाना तिथे सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि शिकवणीला खूप पैसे जातात. तो खर्च आम्ही सोफा न घेता केला, आणि तो निर्णय बरोबर होता.

पुन्हा डॉक्टरकडे जायची वेळ आली तेव्हा मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं ते सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. तीन शब्द आठवेनात, ते मी हाताने दाखवले. डॉक्टरीणबाईंनी या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला कधीपासून दुखतंय?" बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला आत काय झालं ते सांगशील का?" आणि मी त्याला सांगितलं. आमच्या घरात बाहेरची बातमी मी आणायची ही पहिलीच वेळ.

लेकीचं लग्न परदेशातल्या मुलाशी ठरवताना आपण पगार विचारतो, घर विचारतो, घराणं विचारतो. त्याबरोबर एवढंही विचारा. तिच्या व्हिसावर तिला काम करता येईल का? पहिल्या महिन्यात तिचं स्वतःचं बँक खातं उघडून देणार का? पासपोर्ट तिच्या कपाटात राहील ना? आणि मुलगा जर्मनीत असेल तर पत्रपेटीवर आणि घंटेवर तिच्या नावाची पट्टी ती पोचायच्या आधी लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.