सरासरीआड राहिलेल्या मुली



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे सात जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के होते, तर त्रिपुरात जवळपास २२ टक्के. देशाच्या सरासरीवरून त्रिपुरातील मुलींची स्थिती कळत नाही.

आपल्या दाराशीही असेच आहे. वसई आणि मोखाडा पूर्वी एकाच ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तरी २०१५-१६ च्या सर्वेक्षणात तो ठाण्यातच धरला गेला. पाचव्या फेरीत त्याचे आकडे वेगळे आले. पण त्यातही वसई-विरारचे शहर आणि जव्हारचे पाडे एकत्रच! कोवळ्या वयाच्या आईला झटके येण्याचा आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो. आरोग्यसेविका, मुलींचे वसतिगृह किंवा एसटीची फेरी नेमकी कुठे हवी, हे ठरवायला पाड्यापर्यंतचे आकडे लागतात. गरज न मोजता सर्वांना सारखे वाटणे म्हणजे न्याय नव्हे.

मग मोजावे कसे? समजा, एका पाड्यात अशा वयाच्या ४० मुली आहेत. एका वर्षी दोघी बाळंत झाल्या, तर प्रमाण हजारी ५० होते. पुढच्या वर्षी एकही नाही, तर शून्य. म्हणून तीन-चार वर्षांच्या किंवा शेजारच्या गावांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. शिवाय 'या पाड्यात दोन' असे छापले, की त्या दोघी कोण हे सगळ्यांना कळते. असा आकडा मदत पोहोचण्याआधीच बोट दाखवतो.

यात आणखी एक पेच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर आढळल्यास पोलिसांना कळवावे लागते. हेतू मुलीच्या रक्षणाचाच आहे. पण भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत किंवा वय वाढवून सांगतात. मग नोंद खोटी होते आणि उपचारही हुकतो.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना आम्ही एवढेच विनवतो: वय खरे लिहा, पण मुलीचे नाव कामाच्या वहीबाहेर जाऊ देऊ नका. आणि ते नाव कानावर आलेच, तर आपण बाकीच्यांनी ते पुढे नेऊ नये.